कंपनीचा लौकिक आणि नोकरदाराचें मन

मध्यमवर्गीय घरांत मुलीसाठीं स्थळ पाहण्याचीं बोलणीं निघालीं म्हणजे पगाराचा प्रश्न बहुधा दुसरा येतो. पहिला प्रश्न असतो, "मुलगा कोठें असतो?" या प्रश्नाला मुलगा काय काम करतो हें सांगून कोणी उत्तर देत नाहीं. एका कंपनीचें नांव सांगितलें जातें. तें नांव सर्वांच्या ओळखीचें असलें तर पुढची चौकशी पुष्कळ सोपी होते. अपरिचित असलें तर पगार चांगला असूनहि वडील मंडळी जरा घुटमळतात. आणि तेंच नांव आदल्या आठवड्यांत वर्तमानपत्रांत भलत्याच कारणानें छापून आलेलें असलें, तर मुलगा कितीहि गुणी असो, बैठकींत एकदम शांतता पसरते. त्या बिचाऱ्यानें कोणाचा पैसा खाल्लेला नसतो. महिनाअखेर पगार घेऊन घरीं येणारा तो एक कारकून किंवा इंजिनियर असतो, एवढेंच.

कंपनीचा लौकिक हा तिच्या गिऱ्हाइकांसाठीं आणि भागधारकांसाठीं असतो, अशी सामान्य समजूत आहे. पण त्या लौकिकाची ऊब आणि झळ सर्वांत जवळून लागते ती तिच्या नोकरवर्गाला. गिऱ्हाईक उद्यां दुसऱ्या दुकानांत जातें, भागधारक शेअर विकून मोकळा होतो. नोकर मात्र तें नांव अंगावर घेऊन शेजाऱ्यांत, सोयऱ्यांत आणि मुलांच्या शाळेंत वावरत असतो. तेव्हां कंपनीचें नांव चढलें किंवा पडलें असतां तेथें राहावें कीं निघून जावें, हें तो कसें ठरवितो? हा निर्णय केवळ पगाराच्या आंकड्यांवर होत नाहीं, आणि केवळ अब्रूच्या विचारानेंहि होत नाहीं. त्याची घडण थोडी गुंतागुंतीची आहे.

आरंभीं एक साधें निरीक्षण ध्यानांत घ्यावें. अमेरिकेंतील विद्यापीठांचे फुटबॉलचे सामने बहुधा शनिवारीं होतात, आणि त्यांचें वेड तेथें आपल्याकडील क्रिकेटच्या वेडाहून कमी नाहीं. रॉबर्ट चाल्डीनी हे मानसशास्त्रज्ञ व त्यांचे सहकारी यांनीं सात विद्यापीठांतील वर्गांत सोमवारीं येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पोषाखाची नोंद केली, आणि तिचें फलित १९७६ सालीं प्रसिद्ध केलें. शनिवारीं आपला संघ जिंकला असला कीं सोमवारीं विद्यापीठाचें नांव छापलेले सदरे अधिक दिसत. संघ हरला असला कीं ते पेटींत राहत. पुढें टेलिफोनवरून सामन्याचा निकाल विचारला, तेव्हां विजयाचें वर्णन "आम्ही जिंकलों" असें होई, आणि पराभवाचें वर्णन करतांना हा "आम्ही" सहज गळून पडे. या विद्यार्थ्यांनीं स्वतः चेंडूला पायहि लावलेला नव्हता.

कचेरींतला मनुष्य याहून वेगळा नसतो. ज्या दिवशीं "आमची कंपनी" हे शब्द जाऊन त्यांच्या जागीं "ही कंपनी" असे शब्द बोलण्यांत येऊं लागतात, त्या दिवशीं राजीनाम्याचा अर्धा मजकूर लिहून झालेला असतो. चाणाक्ष वरिष्ठाच्या कानाला हा फरक कळतो. बहुतेक वरिष्ठांना मात्र कागद हातीं पडेपर्यंत कांहींच कळत नाहीं.

थोडक्यांत, चांगलें नांव हा नोकराला मिळणारा दुसरा पगार असतो. हिशेबाच्या वहींत त्याची नोंद नसते आणि त्यावर प्राप्तिकरहि नसतो. परंतु तो घरांतल्या सर्वांना वांटून मिळतो. नामांकित कंपनींत थोड्या कमी वेतनावर माणसें वर्षानुवर्षें टिकतात, त्याचें एक कारण हें आहे.

हा दुसरा पगार बंद पडला म्हणजे काय होतें, याचें उत्तम वर्णन न्यूयॉर्क येथील एका संस्थेच्या अभ्यासांत सांपडतें. हडसन नदीच्या दोन्ही तीरांवरील पूल, बोगदे, विमानतळ व बंदरें यांची व्यवस्था पाहणारी पोर्ट ऑथॉरिटी ही सार्वजनिक संस्था १९२१ पासून तेथें आहे. शहरांतील मोठें बसस्थानकहि तिच्याच ताब्यांत असतें. १९८० नंतरच्या वर्षांत या बसस्थानकांत आणि इतर इमारतींत बेघर माणसें मोठ्या संख्येनें आसऱ्याला येऊं लागलीं. संस्थेनें आरंभीं हा प्रश्न पोलिसांचा मानला. माणसें हटविलीं कीं काम झालें, अशी तिची वृत्ति होती. वर्तमानपत्रांतून टीका सुरू झाली. जेन डटन आणि जॅनेट ड्यूकरिच या दोन विदुषींनीं तेथील लोकांशीं बोलून १९९१ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत एक गोष्ट ठळकपणें दिसते. तेथील अधिकाऱ्यांना आपली संस्था म्हणजे तंत्रकुशल, सचोटीची, हातीं घेतलेलें काम तडीस नेणारी, असा अभिमान होता. आतां बाहेरचे लोक तिला निर्दय म्हणूं लागले. ही विसंगति त्यांना बोचली, आणि तिच्यामुळेंच संस्थेचें धोरण बदललें. बेघरांसाठीं आसरा-केंद्रें उभारण्यास तिनें हातभार लावला.

येथें ध्यानांत ठेवण्यासारखें हें कीं, या मंडळींपैकीं पुष्कळांनीं संस्था सोडण्याऐवजीं संस्थाच सुधारण्याचा आग्रह धरला. लौकिकाला तडा गेला म्हणजे माणसें पळतातच, असा नियम नाहीं. ज्यांना आपली संस्था मुळांत चांगली आहे असें आंतून वाटतें, तीं माणसें प्रथम भांडतात.

याच लेखिकांनीं आणखी एका सहकारिणीबरोबर १९९४ सालीं लिहिलेल्या निबंधांत नोकराच्या मनांत कंपनीचीं दोन चित्रें असतात असें दाखविलें. एक चित्र, त्याला स्वतःला आंतून दिसलेल्या कंपनीचें. दुसरें, बाहेरचे लोक तिला कशी समजत असतील याविषयींच्या त्याच्या तर्काचें. हें दुसरें चित्र खऱ्या लोकमताशीं जुळतेंच असें नाहीं. शेजारी सहज कांहीं बोलला तरी ज्याचें मन आधींच शंकित आहे त्याला तो टोमणा वाटतो. उलट, कंपनीच्या भोजनसमारंभांत रमलेल्या माणसाला सारें जग आपल्यावर खूष आहे असा भास होतो. नोकर राहतो किंवा जातो तो या दोन चित्रांच्या मेळावर, आणि त्यांच्यांतील अंतरावर.

आंतलें चित्र चांगलें आणि बाहेरचें मलिन, ही स्थिति फारशी घातक नसते. अशा ठिकाणीं माणसें एकमेकांना धरून राहतात, प्रसंगीं बाहेरच्या टीकेमुळें अधिकच घट्ट होतात. घातक स्थिति याच्या उलट असते: बाहेर झगमगाट आणि आंत पोकळी. बाहेरचा मान इतका गोड असतो कीं आंत दिसलेल्या खुणांकडे माणूस स्वतःच पाठ फिरवितो. "इतके लोक वाखाणतात, तेव्हां आपल्यालाच कांहीं कळत नसेल," असें तो मनाला समजावतो. जाहिरातीवर भरमसाट खर्च करणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकांपेक्षांहि आपलेच नोकर अधिक फसतात, हें विधान कडू वाटेल, पण तें खोटें नाहीं.

एन्रॉन हें त्याचें ठसठशीत उदाहरण. हें नांव महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत गुहागरजवळ उभारलेल्या दाभोळ वीजप्रकल्पामुळें तें येथें घरोघर वादाचा विषय झालें होतें. १९९५ सालीं राज्य सरकारनें तो करार रद्द केला, पुढें नव्या अटींवर तो पुन्हां झाला, १९९९ सालीं वीज निघूं लागली आणि २००१ सालीं प्रकल्प बंद पडला. या सर्व काळांत कोंकणांत हें नांव उच्चारलें कीं कपाळाला आठ्या पडत. परंतु त्याच वर्षांत अमेरिकेंत फॉर्च्यून या नियतकालिकाच्या यादींत तीच कंपनी १९९६ ते २००१ अशीं लागोपाठ सहा वर्षें सर्वांत कल्पक कंपनी म्हणून गौरविली जात होती. ह्यूस्टन शहरांत तिच्या नोकराला मान मिळे, आणि गुहागरच्या माणसांना तोंड देण्याचा प्रसंग त्याच्यावर कधीं येत नसे. म्हणजे लौकिक हा एकच नसतो. मनुष्य ज्या लोकांत उठतो-बसतो, त्यांच्या डोळ्यांत जें दिसतें तेवढाच लौकिक त्याच्या निर्णयांत मोजला जातो.

ह्यूस्टनच्या या मानानें माणसें नुसतीं नोकरींत राहिलीं असें नाहीं. निवृत्तीसाठीं साठविलेल्या निधीचाहि निम्म्याहून अधिक भाग त्यांनीं कंपनीच्याच शेअरांत राहूं दिला. त्यांतला कांहीं भाग कंपनीनें स्वतःच्या वतीनें शेअरांच्या रूपांत घातलेला होता आणि तो वयाच्या पन्नाशीपर्यंत विकण्यास मनाई होती, हें खरें. पण बाकीचा विश्वासानें ठेवलेला होता. २००० च्या ऑगस्टमध्यें सुमारें नव्वद डॉलरला असलेला शेअर पुढील वर्षाच्या नोव्हेंबरअखेर एका डॉलरच्याहि खालीं आला. २ डिसेंबर २००१ रोजीं कंपनीनें दिवाळें जाहीर केलें, आणि लगेच ह्यूस्टनमधील सुमारें चार हजार माणसांना घरीं पाठविलें. नोकरी आणि म्हातारपणची पुंजी एकाच आठवड्यांत गेलीं. लौकिकावर भिस्त ठेवणाऱ्या कुटुंबाला केवढी किंमत मोजावी लागते, तें येथें दिसतें.

त्याच कंपनींत शेरन वॉटकिन्स या उच्च पदावरील बाईंनीं २००१ च्या ऑगस्टमध्यें, म्हणजे दिवाळें निघण्यापूर्वीं चार महिने, अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहून हिशेबांतील गैरप्रकारांचा इशारा दिला होता. हें पत्र पुढें फार गाजलें. त्यांतील एक मुद्दा प्रस्तुत विषयाला अगदीं लागून आहे. बाईंनीं असें म्हटलें होतें कीं, हें प्रकरण फुटलें तर आपण येथें घालविलेल्या आठ वर्षांची बायोडेटावर कांहींच किंमत राहणार नाहीं. सारें यश म्हणजे हिशेबाची लबाडी होती असेंच जग समजेल. कंपनीच्या हिताबरोबर स्वतःच्या आठ वर्षांची चिंता त्यांनीं मोकळेपणानें मांडली, यांत वावगें कांहीं नाहीं. नोकराची खरी ठेव म्हणजे त्यानें केलेलें काम, आणि त्या ठेवीची पावती कंपनीच्या नांवानें फाडलेली असते.

ही भीति काल्पनिक नव्हती. हार्वर्ड येथील बोरिस ग्रॉइसबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत असें आढळलें कीं, ज्यांच्या पूर्वीच्या नोकऱ्यांत एखादी बदनाम झालेली कंपनी आहे अशा वरिष्ठ अधिकाऱ्यांना नव्या जागीं बरोबरीच्या इतरांपेक्षां सुमारें चार टक्के वेतन कमी मिळतें. त्या गैरप्रकारांत त्यांचा हात नसला तरीहि ही तूट पडते. चार टक्के थोडे वाटतील. पण पुढची प्रत्येक वाढ त्या कमी पायावरच होत असते.

मग अशा कंपनींतून माणसें ताबडतोब बाहेर कां पडत नाहींत? या प्रश्नाची उकल जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन यांनीं १९५८ सालींच करून ठेवली आहे. नोकरी सोडण्यांत दोन गोष्टी असतात: सोडावीशी वाटणें आणि सोडतां येणें. लौकिकाचा परिणाम दोहोंवर होतो, आणि तो एकाच दिशेनें होत नाहीं, हीच यांतली मौज आहे. चांगल्या नांवामुळें राहावेंसें वाटतें हें खरें. पण त्याच नांवामुळें बाहेरचे दरवाजेहि उघडे राहतात. हिंदुस्थान लिव्हर, म्हणजे २००७ पासूनची हिंदुस्थान युनिलिव्हर, हिला उद्योगजगांत इतर कंपन्यांचे प्रमुख घडविणारी शाळा म्हणून ओळखतात. तेथें शिकलेला अधिकारी दुसरीकडे मोठ्या जागेवर सहज जातो, आणि तसा जातो म्हणूनच नवे हुशार तरुण तेथें शिरण्यास धडपडतात. वाईट नांवाचें याच्या उलट आहे. तेथें राहवत नाहीं, आणि दुसऱ्या दारीं गेलें तर तेथला माणूस आधीं बायोडेटावरील नांवाकडे पाहतो.

आपल्या देशांत याची मोठी परीक्षा २००९ सालीं झाली. हैदराबादची सत्यम् ही १९८७ सालीं स्थापन झालेली सॉफ्टवेअर कंपनी तोंपर्यंत देशांतील पहिल्या चार-पांचांत गणली जात होती. तिच्या सांगण्याप्रमाणें नोकरांची संख्या पन्नास हजारांच्या वर होती. उत्तम कारभाराबद्दलचें एक पारितोषिकहि तिला २००८ सालीं मिळालें होतें. तें पुढें काढून घेण्यांत आलें. ७ जानेवारी २००९ रोजीं अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केलें कीं, हिशेबांत दाखविलेली पांच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वांतच नाहीं. कंपनीच्या नांवाचा अर्थ जाणणाऱ्या भारतीय माणसाला यावर वेगळें भाष्य नको.

हजारों तरुण इंजिनियर त्या दिवशीं कचेरींत बसले होते. त्यांनीं लिहिलेलें काम खरें होतें, परदेशी गिऱ्हाइकें खरीं होतीं. खोटा होता तो वरचा हिशेब. नांव एका दिवसांत पडलें, पण माणसें एका दिवसांत बाहेर पडूं शकलीं नाहींत. आदल्या सप्टेंबरांत लेहमन ब्रदर्स बुडाल्यापासून जगभर मंदी पसरली होती आणि इतर कंपन्यांनीं भरती आंखडती घेतली होती. सोडावेंसें पुष्कळांना वाटत होतें. सोडतां येत नव्हतें. घराचे आणि गाडीचे हप्ते दारांत उभे होते. सरकारनें जुनें संचालक मंडळ बरखास्त करून किरण कर्णिक, दीपक पारेख यांच्यासारख्या विश्वासू माणसांचें नवें मंडळ नेमलें. या नेमणुकीचा उपयोग केवळ गिऱ्हाइकांना धीर देण्यापुरता नव्हता. नोकराच्या मनांतील दुसऱ्या चित्रावर, म्हणजे "लोक आतां आपल्याला काय म्हणत असतील" या चिंतेवरहि, तें औषध होतें. घरीं आई-वडिलांना सांगण्यासारखें निदान एक वाक्य मिळालें. एप्रिलमध्यें टेक महिंद्र या कंपनीनें सत्यम् विकत घेण्याची बोली जिंकली, आणि जूनमध्यें तिचें नांव महिंद्र सत्यम् असें झालें. ज्यांना काम उरलें नव्हतें अशा कित्येकांना पुढें कांहीं महिने केवळ मूळ वेतनावर घरीं बसावें लागलें, हीहि गोष्ट विसरतां कामा नये. नांवाची डागडुजी झाली तरी तिचा खर्च कोणाच्या तरी खिशांतून जातोच. २०१३ सालीं ही कंपनी टेक महिंद्रांत पूर्ण विलीन झाली आणि सत्यम् हें नांव पाटीवरून गेलें.

अशा वेळीं आधीं कोण जातो? ॲल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत दाखविलें आहे कीं, दर्ज्याविषयीं ज्यांना सर्वांत जास्त आस्था असते तेच बहुधा प्रथम निघून जातात. आणि मागें राहिलेल्यांत तक्रार करून संस्था ताळ्यावर आणण्याची शक्ति कमी असते. कचेरींत हें असें घडतें: ज्याला बाहेर मागणी आहे तो पहिल्या महिन्यांत जातो, त्याच्याकडे पाहून दुसरा जातो, आणि एरवीं पांच वर्षें राहिला असता तो तिसराहि मग रिकाम्या खुर्च्या पाहून जातो. कंपनीची बदनामी जेवढी माणसें नेते, त्याहून अधिक माणसें या रिकाम्या खुर्च्या नेतात.

नांव नोकरांना किती खेचतें व किती ढकलतें, याचें टोकाचें उदाहरण आर्थर अँडर्सन या पेढीचें. १९१३ सालीं शिकागो येथें स्थापन झालेली ही हिशेबतपासनिसांची पेढी सचोटीबद्दल नांवाजलेली होती. तिचीच एक शाखा व्यवस्थापनाचा सल्ला देण्याचें काम करी. दोघांचें बिनसलें, प्रकरण लवादाकडे गेलें, आणि २००० सालच्या निवाड्याप्रमाणें त्या शाखेला अँडर्सन हें मौल्यवान नांव सोडावें लागलें. १ जानेवारी २००१ पासून तिनें ॲक्सेंचर हें बनविलेलें नांव घेतलें, जें आज मुंबई-पुण्याच्या तरुणांना चांगलें परिचित आहे. जुनें नांव गमावणें हें त्या वेळीं नुकसान वाटलें होतें. पुढच्या वर्षभरांत तें भाग्य ठरलें.

कारण एन्रॉनचे हिशेब तपासणारी पेढी अँडर्सनच होती. ह्यूस्टनच्या कचेरींत एन्रॉनसंबंधींचे कागद नष्ट केल्याबद्दल मार्च २००२ मध्यें सबंध पेढीवर फौजदारी आरोप ठेवण्यांत आला. जगभर तिचे सुमारें पंचाऐंशी हजार नोकर होते. त्यांपैकीं एन्रॉनच्या कागदांना हात लागलेले अगदीं थोडे. आरोप येतांच नोकरांनीं मोर्चे काढले, आणि मीच आर्थर अँडर्सन आहें अशा अर्थाचीं अक्षरें छापलेले सदरे घातले. चाल्डीनी यांच्या विद्यार्थ्यांनीं पराभवानंतर सदरे पेटींत ठेवले होते. या माणसांनीं पराभव समोर दिसत असतां ते बाहेर काढले. नांव डागाळलें म्हणजे माणूस त्यापासून दूर सरकतो हा नियम येथें लागू पडला नाहीं, कारण ज्या नांवानें आपण वर्षानुवर्षें प्रामाणिकपणें काम केलें तें नांव गुन्हेगार ठरणें म्हणजे आपणच गुन्हेगार ठरणें, असें त्यांना वाटत होतें.

परंतु हिशेबतपासनिसाजवळ विकण्यासारखें विश्वासाशिवाय दुसरें कांहींच नसतें. गिऱ्हाइकें निघून गेलीं, आणि त्यांच्या मागोमाग कचेऱ्याच्या कचेऱ्या माणसांसह प्रतिस्पर्धी पेढ्यांत गेल्या. जूनमध्यें ज्यूरीनें पेढीला दोषी ठरविलें, आणि ऑगस्टअखेर मोठ्या कंपन्यांचे हिशेब तपासण्याचा परवाना तिनें सोडून दिला. पुढें ३१ मे २००५ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें ती शिक्षा रद्द केली. तेव्हां पेढींत उरलेल्या खटल्यांचें काम पाहणारीं सुमारें दोनशे माणसें शिल्लक होतीं.

अँडर्सनमधून बाहेर पडलेल्या तेवीस भागीदारांनीं २००२ सालीं करविषयक सल्ला देणारी एक नवी पेढी काढली होती. बारा वर्षें ती निराळ्या नांवानें चालली. २०१४ सालीं, तिचा जम चांगला बसलेला असतां, तिच्या चालकांनीं जुन्या नांवाचे हक्क मिळविले आणि दारावर अँडर्सन अशी पाटी लावली.